ओसरती थंडी आणि बालवाडीतले हात



आजचा विषय लहान मुलांचा आहे, पण तो मला मोठ्यांपुढे मांडायचा आहे. संक्रांतीपासून रंगपंचमीपर्यंतचे हे जे दोन-अडीच महिने असतात, त्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातांना काय काम द्यावं, एवढंच बोलणार आहे. या दिवसांत सण खूप आहेत आणि शाळांना काहीतरी 'करून घ्यायचं' असतं. म्हणून मग बाजारातून कार्डशीट येतो, चमकी येते, बालवाडीच्या ताई रात्री जागून पतंग कापतात, आणि सकाळी मुलानं त्यावर एक टिकली चिकटवली की ते त्याचं हस्तकौशल्य होतं. ताईंना मी दोष देत नाही. पालकांना सुबक वस्तू हवी असते आणि ताईंना पालकांना तोंड द्यायचं असतं. पण त्या पतंगात मुलाचा हात किती, हे आपण प्रामाणिकपणे विचारायला हवं.

एका मोठ्या शहरातल्या बालवर्गात मी जानेवारीत कापसाचं बर्फ आणि बर्फाचा माणूस भिंतीवर पाहिला. बाहेर ऊन पडलं होतं, मुलं स्वेटर काढून फेकत होती. थंडीत मुलांना खोलीत बसवून असं काम द्यायची कल्पना कुठून आली, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. फ्रेडरिक फ्रोबेलनं 1837 साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी पहिली बालशाळा काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. लाकडी चेंडू-ठोकळे, कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम, टोचकाम, मातीकाम ही त्यानं रचलेली कामं आजही जगभर चालतात. पण तो डोंगराळ, थंड मुलूख. तिथे फेब्रुवारीत मूल घरात कोंडलेलं असतं, आणि घड्या-विणकाम ही कोंडलेल्या मुलाची फार मोठी सोय असते. आपल्या माळव्यात नेमकं उलट आहे. पौष-माघात इथलं ऊन वर्षातलं सगळ्यांत गोड ऊन. चैत्र लागला की अंगणात पाय ठेववत नाही, आषाढात चिखल. मुलांना बाहेर बसवायचे हेच दिवस, आणि तेव्हाच आपण त्यांना खोलीत टेबलाशी बसवून कापूस चिकटवायला लावतो.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना हे फार आधी कळलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा करून, दादरला शिशुविहार चालवून, 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथल्या पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. महागडी माँटेसरी साधनं तिथे परवडणार नव्हती, म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं झाली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वाढलं. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभराची बालविकास योजना सुरू झाली, आणि आज आपल्या माळव्यातल्या पीपलरावांतसुद्धा अंगणवाडी म्हणतो आपण. त्या नावातलं अंगण तेवढं आत गेलं. ते पुन्हा बाहेर काढू या.

आता हातांविषयी. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतात, कूर्चा असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांतली तीनेक पक्की झालेली असतात, सहा-सात वर्षांपर्यंत सात, आणि आठवं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. वसंत पंचमीला आपल्याकडे पाटीपूजन होतं, फार सुंदर रीत आहे. मुलाचा हात धरून एक अक्षर गिरवावं, सरस्वतीला पिवळं फूल वाहावं, आणि घरी जावं. पण दुसऱ्या दिवसापासून चार वर्षांच्या मुलाकडून वहीची पानंच्या पानं भरून घेणं म्हणजे न घडलेल्या मनगटाकडून मजुरी. त्या हाताला आधी मळायला, पिळायला, फाडायला, ओवायला द्या. 2020 च्या शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला अग्रक्रम दिला, म्हणजे कागदोपत्रीही आता अडचण नाही.

ओवण्याचं काम संक्रांतीत आपोआप चालून येतं. आपल्या मराठी घरांत रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. हलवा करणं मोठ्यांचं काम, शेगडीपाशी मूल नको. पण दागिना मुलं करू शकतात, आणि त्याला हलवाही लागत नाही. गव्हाचं काड पोकळ असतं. गेल्या हंगामातलं स्वच्छ काड घ्या, बोटभर तुकडे करा. जाड दोऱ्याचं टोक वितळलेल्या मेणात बुडवून ठेवा, ते वाळलं की सुईसारखं ताठ होतं. तीन वर्षांचं मूल नुसतं ओवत राहील. पाच वर्षांचं एक लांब, दोन आखूड अशी लय धरेल, आणि तो त्याचा पहिला गणिताचा धडा. माळ ओबडधोबड होईल, होऊ द्या. त्याच माळा घालून वर्गाचं बोरन्हाण करा आणि गल्लीतली सगळी मुलं त्यात घ्या, घरात मराठी बोलणारी तेवढीच नकोत. एक मात्र कटाक्षानं पाळा. बोराची बी, घाटे, हलवा हे लहानग्यांच्या घशात अडकू शकतं. तीनच्या आतल्यांपुढे ते नको, आणि मोठी मुलं वेचत असली तरी ताईंनी तिथून हलायचं नाही.

पतंगाबद्दल थोडक्यात. मांजा बालवाडीत येताच कामा नये. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे, आणि काचेचा सुती मांजाही चिमुकल्या बोटांसाठी नाही. कागद हातानं फाडून त्याला शेपटी लावावी, साध्या दोऱ्यानं धरून पळावं, तेवढं पुरे. माळव्यात तर संक्रांतीला गिल्ली-डंडा असतोच. मोठी मुलं खेळतात तेव्हा लहानांना रिंगणाबाहेर दूर बसवा, आणि गिल्ली किती गेली ते पावलांनी मोजायला त्यांना नंतर पाठवा. कागदाचाच विषय आहे तर, सव्वीस जानेवारीचे कागदी झेंडे रस्त्यावर तुडवले जातात, ते टाळावेत. तीन रंगांची रांगोळी पुरे.

मातीवर मात्र रेंगाळायला हवं. आपली माती काळी. ओली असताना लोण्यासारखी, आणि वाळली की तडकते. मुलांनी केलेला बैल दुसऱ्या दिवशी फुटतो आणि मूल हिरमुसतं. म्हणून आधी ती चाळून घ्या, तिच्यात बारीक वाळू आणि थोडा भुसा किंवा शेण मिसळा, चांगली मळून ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा. मळायलाही मुलांनाच लावा, त्यातच सगळा व्यायाम आहे. फुटलेला तुकडा आणि न फुटलेला तुकडा त्यांच्यापुढे शेजारी ठेवा आणि विचारा, असं का? चार वर्षांचं मूल जे उत्तर देतं ते ऐकण्यासारखं असतं. ते दुरुस्त करायची घाई नको.

याच सरावाचा पुढे होळीला उपयोग होतो. इथे घरोघर शेणाचे बडकुल्ले करतात. छोट्या गोवऱ्या, मधोमध भोक, वाळवून सुतळीत माळ. थापायचं, भोक पाडायचं, आठवडाभर वाळायची वाट पाहायची आणि मग ओवायचं. इतकं भरलेलं हस्तकाम मला कुठल्याही पुस्तकात दिसलं नाही. शहरी पालक शेण म्हणताच नाक मुरडतात. त्यांच्यासाठी माती आहे, आणि हात साबणानं धुणं दोन्हींत सारखंच सक्तीचं. गावातल्या एखाद्या आजीला वर्गात बोलवा, तिला खाली बसवा आणि मुलांना तिच्याभोवती. ती माळवीत बोलेल. बोलू द्या. गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये आजारी होऊन देवासला आले आणि अशाच माळवी बायकांची गाणी ऐकत राहिले. 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे ऋतूंचे कार्यक्रम त्यांनी पुढे बांधले, त्यांत या मातीचा मोठा वाटा आहे.

धार जिल्ह्यातल्या बाग गावचे ठसे तुम्ही लुगड्यांवर पाहिले आहेत, लाल आणि काळे. तिथले लाकडी ठसे मुलांच्या हातात जड होतील. भेंडी आडवी कापली की तिचं फूल उमटतं. गेरूत बुडवून जुन्या धोतराच्या फाळक्यावर ठसे मारू द्या. ठसे वाकडे पडतील, एकावर एक पडतील. ताईंनी आखून दिलेल्या रेषेत ते बसवायचा हट्ट नको. झालेलं काम मुलाच्या नजरेच्या उंचीवर टांगा, पालकांच्या नाही.

राहता राहिला रंग. सोनकच्छच्या बाजूला, बागलीच्या जंगलाकडे फाल्गुनात पळस पेटतो. मुलांना घेऊन जा, झाडावर हात नको, खाली पडलेली फुलंच वेचायची. ती सावलीत सुकवा. वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, किंवा ताईंनी उकळून गार करावीत. पिवळा-नारिंगी रंग येतो. चिमूटभर चुना टाकला की तो गडद होतो, पण चुना त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतो, म्हणून ती गंमत कपभर पाण्यात ताईंनी फक्त दाखवायची, खेळायच्या रंगात चुना नाही. माळव्यात खरी रंगांची धमाल रंगपंचमीला. आपल्या कालनिर्णयात ती फाल्गुनात येते, हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या पंचांगात तेव्हा चैत्र लागलेला असतो, म्हणून ताईंनी सुट्टीची तारीख दोन्ही घरांशी बोलून ठरवावी. आणि भिजवलेला रंग लवकर आंबतो. होळीला फुलं भिजवून पाच दिवस ठेवू नका, चतुर्थीच्या रात्री घाला, सकाळी फडक्यातून गाळायला मुलांनाच बसवा. पिळायला लागणारा जोर त्यांच्याकडे तोवर आलेला असेल.