कोर्टाची पायरी आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. कायद्यावर बोलायला उभी राहिले म्हणून हसू नका. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपण मुलांना सांगत आलो. पण ती चढावी लागू नये म्हणून काय करावे, हे मला कुणीच शिकवले नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी कर्ज काढले. “वहिनी, नुसती सही हवी. तुम्हांला एक पैसाही पडायचा नाही,” असे म्हणाले. मी न वाचता सही केली. ती जामिनाची होती. पुढे त्यांचे हप्ते थकले आणि नोटीस माझ्या दारी आली. शेवटी दोन बांगड्या मोडल्या. त्या दिवशी नववीतल्या माझ्या मुलीने विचारले, “आई, कागद वाचला होतास का?” मला उत्तर देता आले नाही.

मग आपल्या मंडळातल्या वकीलबाईंनी समजावले, की १८७२ सालचा करार कायदा आहे. त्याप्रमाणे, कागदात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारा आधी जामीनदाराकडेही मागू शकतो. माझ्या मनात आले, हे मी आठवीत असते आणि कुणी सांगितले असते तर! त्यातून आपला रविवारचा वर्ग निघाला. आठवी ते दहावीची मुले येतात. वकीलबाई शिकवतात, मी सतरंज्या घालते आणि मागे बसून ऐकते.

पहिल्या दिवशी बाईंनी सांगितले, की अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने मुळातच रद्द असतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने तसा निकाल दिला. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने घर गहाण टाकून पैसे घेतले होते. त्यात सावकार हरला. पोरे खूष! एक म्हणाला, “म्हणजे उधारी बुडवली तरी चालेल!” बाई म्हणाल्या, “नाही हो. अन्नवस्त्रासारख्या गरजेच्या वस्तूंचे पैसे अज्ञानाच्या मालमत्तेतून वसूल होतात. कायदा तुम्हांला फसवणुकीपासून राखायला आहे, दुसऱ्याला फसवायला नाही.”

नंतर मुलांनी लटके न्यायालय मांडले. मिक्सर आठ दिवसांत बिघडला, असा दावा. दुकानदार झालेल्या मुलाने पावतीपुस्तकावरची ओळ दाखवली, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ न्यायाधीश झालेल्या मुलीने बाईंना विचारून सांगितले, की सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक कायद्याने अनुचित प्रथाच आहे. मग तिने गिऱ्हाइकाला विचारले, “तुमची पावती कुठे आहे?” गिऱ्हाईक गप्प! सगळे हसले. पण त्या दिवसापासून माझी मुलगी घरातल्या पावत्या डब्यात जपते.

मुलांना न्यायालयांची उतरंडही आता पाठ आहे. तालुक्याचे, मग जिल्ह्याचे, त्यावर १८६२ पासूनचे मुंबईचे उच्च न्यायालय आणि सर्वांवर १९५० साली स्थापन झालेले दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. पैशांची वसुली दिवाणी, चोरी फौजदारी. ग्राहकाची तक्रार जिल्हा आयोगाकडे. ती दोन वर्षांच्या आत करावी, वकील लागतोच असे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

भगिनींनो, आपल्यासाठीही एक गोष्ट सांगते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधिसेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. मला हे तेव्हा ठाऊक असते तर निदान सल्ला विचारायला तरी गेले असते.

आपली सगळी मुले वकील व्हावीत असे माझे म्हणणे नाही. पण उद्या ती नोकरी धरतील, भाड्याने घर घेतील, कर्ज काढतील. प्रत्येक ठिकाणी सही आहे. तेव्हा रविवारी त्यांना वर्गाला पाठवा. आणि घरी कसलाही कागद आला, की सहीपूर्वी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आमच्या घरी आता तसेच करतो. वाचून होईपर्यंत पेन मुलीच्याच हातात असते.