भोपळ्यातला खिमा



आज आम्ही तुम्हांला स्वयंपाकाची गोष्ट सांगणार आहोत. हसू नका. हेडमास्तरने पाढे शिकवावेत, खिमा कसला शिकवतो, असे तुम्हांला वाटेल. पण हा खिमा आम्ही आमच्या हाताने केलेला आहे. का केला, ते आधी सांगतो.

१९९३ सालची गोष्ट. धाकटी मुलगी वर्षाची झाली होती. मुलांच्या आईला पाण्याची घागर उचलली की धाप लागे. डोळ्यांपुढे अंधारी येई. आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. ते ७ भरले. बाईमाणसाचे १२ तरी हवे. बाईंनी विचारले, "घरात मटण होते का?" आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "होते तर! दर रविवारी होते." बाईंनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिला म्हणाल्या, "तुमच्या ताटात काय येते?"

ती म्हणाली, "रस्सा येतो की."

आम्ही खाली मान घातली. आमच्या घरी आधी वडील, आम्ही आणि भाऊ जेवायला बसायचो. मग मुले. मग आई आणि ती. तोवर पातेल्यात फोड उरत नसे. कोणी मुद्दाम करत नव्हते हो. पण आम्ही शाळेत रोज भागाकार शिकवत होतो, आणि घरच्या पातेल्याचा भागाकार कधी करून पाहिला नव्हता.

बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तिने नेमाने घेतल्या. रक्त गोळ्यांनी भरले. भोपळ्याने भरले, असे आम्ही म्हणणार नाही. पण ताटाचे काय करायचे, हा प्रश्न राहिलाच. "तूही आमच्याबरोबर बस" म्हटले, तर ती बसेना. आईही बसेना.

आमच्या शाळेत एक मास्तर रायगडकडचे होते. त्यांच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरतात. मडके पालथे घालतात आणि भोवती जाळ करतात. ते म्हणाले, "मडक्याऐवजी भोपळा घ्या की. मडके खाता येत नाही, भोपळा येतो." तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेतला. तिकडचे लोकही थंडीच्या दिवसांत त्यात खिमा भरून भट्टीत भाजतात, हे आम्हांला पुढे वाचनात आढळले.

आता कृती ऐका.

भोपळा दीड-दोन किलोचा घ्यावा. कोणी त्याला डांगर म्हणतात. साल कडक आणि देठ वाळलेला असावा. देठाकडून टोपीसारखी चकती कापावी. आतल्या बिया आणि धागे चमच्याने खरवडून काढावेत. गराचा एक तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर भोपळा टाकून द्यावा. ते कडूपण विषारी असते. शिजवून जात नाही. गुरांनाही घालू नये.

खिमा पाव किलो पुरे. तो त्याच दिवशी आणावा, त्याच दिवशी शिजवावा. अख्ख्या मटणाला जंतू लागतात ते बहुतेक वरून. खिमा करताना तेच जंतू आतबाहेर मिसळतात. म्हणून खिमा लवकर नासतो. लाल राहिलेला खिमा कधी खाऊ नये. कच्च्या खिम्याचा हात साबणाने धुवावा. पाटा, विळी, सुरीही धुवावी.

तेलात २ कांदे परतावेत. आले, लसूण, हळद आणि घरचा तिखट मसाला घालावा. मग खिमा घालून झाकण ठेवावे. २०-२५ मिनिटांत तो शिजतो. लाली पार जाऊ द्यावी आणि पाणी आटू द्यावे. त्यात दोन मुठी तांदळाचा अर्धा शिजलेला भात आणि मीठ घालावे. हे सारे भोपळ्यात भरावे. गच्च दाबू नये, भात फुगतो. वर टोपी बसवावी.

भाकरी झाल्यावर चुलीत निखारे असतातच. जाळ नको, निखारेच हवेत. भोपळा त्यात बसवावा आणि भोवती निखारे सारावेत. मधूनमधून जरा फिरवावा. तासाभराने साल काळी पडते आणि सुरी आत लोण्यात गेल्यासारखी जाते. नाही गेली, तर आणखी थांबावे. आमचा पहिला भोपळा घाईने काढला. वर कोळसा आणि आत करकरीत! वडील म्हणाले, "मास्तर, हा नापास." गॅस असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून वर ताटली ठेवावी. ताटलीत भोपळा ठेवून झाकण लावावे आणि मंद आच ठेवावी. वेळ जास्त लागतो, पण होतो.

मग पाटावर ठेवून कलिंगडासारख्या ८ फोडी कराव्यात. आमच्या घरी माणसे ८ होती. प्रत्येक फोडीत भोपळा, प्रत्येक फोडीत खिमा. मागाहून जेवणारीची फोडही तेवढीच. भोपळ्याच्या पिवळ्या रंगापासून शरीर डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व तयार करते. त्याला थोडे तेल-तूप लागते, ते खिम्यात असतेच.

एक सांगायचे राहिले. आमच्याकडे रीत होती, अख्खा भोपळा बायकांनी कापायचा नाही. पहिली सुरी पुरुषाने लावायची. म्हणून तर आम्ही स्वयंपाकघरात शिरलो! पण गल्लीत एक विधवा बाई होती. मुलगा मुंबईला. तिच्या दारचा भोपळा पुरुषाची वाट पाहत आठ-आठ दिवस पडून राही. एकदा आम्ही परगावी होतो, तेव्हा मुलांच्या आईने तिच्या घरी जाऊन भोपळ्याला सुरी लावली. दोघींनी खिमा भरला, भाजला आणि तिथेच बसून खाल्ला. आम्ही परत आलो तेव्हा आमची फोड ताटलीखाली झाकून ठेवलेली होती.

बिया फेकू नका. धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत घोळून ठेवा. पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला लावल्या तरी वेल येतो.