धोका कुणाचा, मान्यता कुणाची?

आज मी एका वाक्याबद्दल बोलणार आहे. ते कुठल्या कवितेतलं नाही, नाटकातलंही नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या एका चौकटीतलं आहे. ज्यांनी कचेरीत ब्राउझरमधून चालणारा डेटाबेस वापरला, म्हणजे भांडाराची नोंद, पगारपत्रक, ई-निविदेवरची डिजिटल सही असलं काम केलं, त्यांच्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. वाचलं किती जणांनी, हा प्रश्न वेगळा. त्याचा मराठी अर्थ असा : 'मला धोका मान्य आहे आणि मला हा प्रोग्राम चालवायचा आहे.' शेजारी एक रिकामा चौकोन. त्यात खूण केली की 'रन'चं बटण दाबता यायचं.

मी साधा बी.ए. झालेला माणूस, संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण कविता करतो म्हणून की काय, पडद्यावर अनोळखी इंग्रजी उमटलं की कचेरीतली पोरं हाक मारायची, "चाचा, जरा बघा ना, हे काय म्हणतंय?" तसं बघता बघता जे समजत गेलं, ते सांगतो.

ब्राउझरचं मूळ काम पानं दाखवण्याचं. डेटाबेसचे मोठे तक्ते हाताळणं, टोकनवरून सही घेणं अशी कामं त्या काळी त्याला एकट्याला झेपत नसत. म्हणून त्याला एक मदतनीस जोडलेला असे, तो प्लगइन. जावाचा प्लगइन सर्व्हरवरून छोटा प्रोग्राम आणून आपल्या संगणकावर चालवी. त्याला ॲप्लेट म्हणत. साधा ॲप्लेट कुंपणाच्या आत राही. सही केलेल्या ॲप्लेटला मात्र आपण पूर्ण परवानगी दिली की तो आपल्या फायली वाचू शके, नव्या लिहू शके. चौकट विचारत होती ते एवढंच, की याला आत घ्यायचं का?

हे इशारे २०१३-१४ च्या सुमारास फार वाढले आणि लोक वैतागले. त्याला कारण होतं. २०१२ मध्ये जावातल्या एका भगदाडातून 'फ्लॅशबॅक' नावाचा घातक प्रोग्राम सुमारे सहा लाख मॅक संगणकांत शिरला. ओरॅकलने त्या भगदाडाची दुरुस्ती फेब्रुवारीतच दिली होती, ॲपलची दुरुस्ती मॅकपर्यंत पोचायला एप्रिल उजाडला. नुसतं बिघडवलेलं एखादं पान उघडलं तरी पुरे होतं, कुठे टिचकीही मारावी लागत नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधला जावा बंद ठेवा, असाच सल्ला दिला. मग जानेवारी २०१४ मधल्या जावा ७च्या ५१व्या सुधारणेने बिनसहीचे आणि स्वतःच स्वतःला प्रमाणित केलेले ॲप्लेट सरळ अडवायला सुरुवात केली. काल चालणारा डेटाबेस आज बंद. काउंटरपुढे रांग, आत आरडाओरडा.

आमच्याकडे ज्यांनी तो डेटाबेस बसवला होता, त्यांचा फोनवरचा उपाय ठरलेला : "कंट्रोल पॅनेलमधली सुरक्षेची पट्टी खाली ओढा." त्या एका कामासाठी जगातल्या सगळ्या ॲप्लेटना दार उघडं करायचं! मला हा उपाय कधीच पटला नाही. पुढे जावा ८च्या २०व्या सुधारणेत, ऑगस्ट २०१४ मध्ये, त्या पट्टीवरची मधली पायरीच काढून टाकली, ते बरंच झालं.

खरा उपाय चौकट वाचण्यापासून सुरू होतो. तिथे तीन ओळी असत : प्रोग्रामचं नाव, प्रकाशक आणि ठिकाण. प्रकाशकापुढे 'अननोन' असेल तर प्रोग्राम वाईटच असतो असं नाही, पण तो कुणाचा, हे सांगायला कुणी तयार नाही. ठिकाणाच्या ओळीत आपल्याच सर्व्हरचा पत्ता आहे का, हे अक्षर-अक्षर लावून पाहायचं. तो बरोबर असेल आणि कचेरीच्या संगणक विभागाने खात्री दिली असेल, तर अपवादांच्या यादीत तेवढा एकच पत्ता घालायचा. एचटीटीपी की एचटीटीपीएस, पुढचा पोर्ट क्रमांक कोणता, सगळं जसंच्या तसं, नाहीतर यादी भरूनही चौकट हटत नाही. एक मात्र ध्यानात ठेवायचं. यादीत घातल्याने प्रोग्राम निर्दोष ठरत नाही, फक्त त्याला अडवणं थांबतं.

कधी कधी दोष भलतीकडेच असे. एका संगणकावर रोज सकाळी प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा यायचा. शेजारच्या संगणकावर तोच डेटाबेस सुरळीत. पोरांनी जावा दोनदा काढून पुन्हा टाकला. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर तारीख २००२ सालची! आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे रात्री वीज बंद केली की संगणक तारीख विसरायचा. २०१३ मध्ये दिलेलं प्रमाणपत्र २००२ मध्ये वैध कसं असणार? त्या बिचाऱ्या इशाऱ्याचं म्हणणं अगदी खरं होतं. एक बॅटरी बदलली, काम झालं.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येतो. 'मला धोका मान्य आहे.' व्याकरणात हा प्रथमपुरुष, एकवचन. खूण करणारा कारकून एकटा. पण डेटाबेसमध्ये नावं कुणाची असतात? निवृत्तिवेतन घेणाऱ्या म्हातारीची, पोराच्या फीची सवलत मागणाऱ्या बापाची. त्यांचे खाते क्रमांक, पत्ते, आजार. त्या संगणकात काही शिरलं तर नुकसान त्यांचं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. कारकुनालाही दोष देववत नाही. दिवसाला वीस वेळा तीच चौकट आली तर माणूस वाचायचं सोडतोच. 'पुन्हा दाखवू नका' असाही एक चौकोन असायचा, आणि तो तर लोक आनंदाने भरत.

ते प्लगइन आता गेले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जावाला बाहेर काढलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. २०२० संपता संपता फ्लॅशही संपला. त्यामुळे 'फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा' असं आज कुठलंही पान म्हणालं तर ते खोटं बोलतंय, एवढं खुशाल समजा. पण तोच प्रश्न आता एक्स्टेन्शन विचारतं, आणि फार नम्रपणे विचारतं : 'सर्व संकेतस्थळांवरची तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे.' त्या 'सर्व'मध्ये कचेरीचा डेटाबेसही आला. पानाचा रंग बदलायला किंवा खरेदीत सवलत शोधायला एवढी परवानगी कशाला? डेटाबेसच्या कामाचा ब्राउझर वेगळा ठेवा, त्यात एकही फालतू जोड नको.

आणि ज्यांचा जुना डेटाबेस अजून ॲप्लेटवरच अडलाय, त्यांचं काय? इंटरनेट एक्स्प्लोरर तर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. एज ब्राउझरमध्ये त्याची जुनी चाल चालवायची सोय आहे, मायक्रोसॉफ्टने ती किमान २०२९पर्यंत ठेवण्याचं सांगितलंय. तेवढ्या अवधीत नवी व्यवस्था मागा, आणि लेखी मागा. तोवर अशा डेटाबेससाठी एकच संगणक राखून ठेवा. त्याला कचेरीच्या आतल्या सर्व्हरची जोडणी असू द्या, बाहेरच्या इंटरनेटची नको. त्यावर मेल नको, पेन ड्राइव्ह नको, दुपारच्या सुट्टीतली गाणीसुद्धा नकोत.