प्रवेश आणि द्रव्याची तजवीज
(महाजन मेळाव्यातील भाषण)



आपल्या मुलास परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले की घरात पेढे वाटले जातात आणि लागलीच कुळागर गहाण टाकण्याची भाषा सुरू होते. माझे आयुष्य कचेरीतील कागद वाचण्यात गेले. त्या सवयीने एवढेच सांगतो की, प्रवेश व पैसा ही एकाच अर्जाची दोन कलमे आहेत. ती एकाच वेळी मागावीत.

द्रव्यसाहाय्य तीन प्रकारांचे असते. पहिला प्रकार शिष्यवृत्तीचा. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पुढे मुदत सरल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अपुरा टाकून त्यांस परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडील कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले. तात्पर्य, रकमेइतकीच मुदतही पाहावी.

दुसरा प्रकार कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली त्यासाठी निधी स्थापिला. १९५७ साली केंब्रिजला गेलेले जयंत नारळीकर टाटा शिष्यवृत्तीचेच मानकरी होते.

तिसरा प्रकार वेतनाचा, आणि आपल्या घरांत तोच सर्वांत कमी ठाऊक आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे, विशेषतः विज्ञान शाखांत, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास फी माफ करून शिकविण्याच्या वा संशोधनाच्या कामाबद्दल वेतन देतात. एम.एस.चा खर्च मात्र बहुधा पदरचाच. हा भेद कळण्यापूर्वी गहाणखतावर सही करू नये. स्वदेशातही राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत.

अमेरिकेतील सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होत असले, तरी पीएच.डी.च्या अर्जाची मुदत बहुधा आदल्या डिसेंबरच्या सुमारास संपते. शिफारसपत्रे आपले काम जाणणाऱ्या प्राध्यापकांकडून मागावीत, तीही दोन महिने आधी. साहाय्य किती वर्षांचे, फी त्यात धरली आहे काय, ते कोणत्या अटीवर बंद होईल, हे विद्यापीठास लेखी विचारावे. असे विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

आपल्यातील जी मुले ह्या वाटेने गेली आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर धाकट्यांचे अर्ज तपासून द्यावेत, ही माझी विनंती. पूर्वजांनी राखलेले कुळागर आणि मुलांची विद्या, दोन्ही आपल्याला हवी आहेत. वेळेवर विचारपूस केल्यास पुष्कळदा एकासाठी दुसरे गमवावे लागत नाही.