धुराड्याच्या सावलींतलें भोजन

जुन्या कारखान्यांत बसून जेवणें आणि जेवणानंतर पाण्याच्या कांठानें फेरी मारणें, हा अलीकडचा एक नागर विलास आहे. लंडनमध्यें थेम्स नदीच्या तीरावर बॅटरसी नांवाचें प्रचंड वीजगृह आहे. त्याचें बांधकाम १९२९ सालीं सुरू झालें, १९८३ सालीं तें बंद पडलें, आणि २०२२ सालीं दुकानें, उपाहारगृहें व नदीकांठचा रस्ता यांसह तें लोकांस खुलें झालें. त्याचीं चार धुराडीं जीर्ण झालीं होतीं. तीं उतरवून जशींच्या तशीं पुन्हां उभारलीं.

कल्याणकरांना हें सांगण्याचें कारण आहे. त्याच १९२९ च्या सुमारास आपल्या ठाकुर्लीजवळ, चोळें गांवीं, उल्हास नदीच्या खाडीलगत जी. आय. पी. रेल्वेचें वीजगृह चालू झालें. बोरघाट आणि थळघाट चढणाऱ्या विजेच्या गाड्यांना तेथून शक्ति मिळे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत तें बंद झालें. पण थेम्सकांठच्या समवयस्काला लाभलें तें भाग्य त्याच्या वांट्याला आलें नाहीं. सबब गिरणींतलें जेवण हवें असेल, तर कल्याणच्या मनुष्याला गाडी पकडून लोअर परळला जावें लागतें.

गेल्या महिन्यांत मी तसा गेलों. फिनिक्स मिल १९०५ सालची. जेथें सूत निघे तेथें आतां कांचेआड कपडे टांगलेले आहेत, आणि उंच धुराडें तेवढें जागच्या जागीं उभें आहे. जेवण उत्तम होतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मात्र पानावर बसल्यावर मला राहून राहून एका वेगळ्याच पंक्तीची आठवण होत होती.

गिरणगांवांत भोजनाचा धंदा नवा नाहीं. कोंकणांतून व घाटावरून आलेला एकटा कामगार महिन्याच्या बोलीनें खानावळींत जेवे, आणि ती खानावळ बहुधा एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलींत चालवी. संपाच्या दिवसांत पगार थांबे, पण पान थांबत नसे. उधारी वाढे, आणि बाईचे दागिने सावकाराकडे जात. याच बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि कितीएक कुटुंबें चाळ सोडून आपल्या डोंबिवली-कल्याणकडे सरकलीं.

१९९१ च्या नियमानें गिरणीच्या जमिनीचे तीन वांटे व्हावयाचे होते: मोकळी जागा, लोकांचीं घरें, आणि मालक. २००१ सालीं नियम बदलून तो हिशेब केवळ रिकाम्या जागेपुरता राहिला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल मान्य केला. घरांचा वांटा किती आकसला असेल, याचा तर्क श्रोत्यांनींच करावा. पुढें शेजारच्याच कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ च्या रात्रीं गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून चौदा जीव गेले. जुनी वास्तु सजवणें सोपें. तींतून बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणें हें खरें काम.

जुनी इमारत पाडावी, असें माझें म्हणणें नाहीं. पण धुराड्याशेजारीं जेवणाराला तें कोणाच्या घामानें धुमसत होतें, एवढें तरी तेथें वाचावयास मिळावें. भोजनपत्रिकेइतक्या ठळक अक्षरांत असलें म्हणजे झालें.

फिरण्यापुरतें बोलावयाचें तर कल्याणला परळचा हेवा करण्याचें कारण नाहीं. आपली खाडी पुरातन बंदराची आहे. ग्रीक दर्यावर्दींच्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत कल्याणचें नांव येतें, आणि कान्हेरीच्या लेण्यांत येथील दात्यांचे लेख आहेत. १६५७ सालीं कल्याण घेतल्यावर शिवाजीमहाराजांनीं आपल्या आरमाराचा आरंभ याच पाण्यावर केला. दोष एकच: वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरची घाण घेऊन याच खाडीस मिळते. म्हणून दुर्गाडीला जावयाचें तें भरतीची वेळ पाहून जावें. पाणी कांठाशीं येतें, वास दबतो, आणि होड्या चिखलांतून सुटून डोलूं लागतात. तेंच पाणी पुढें ठाकुर्लीच्या अंगानें, चोळ्याच्या त्या वीजगृहाच्या जागेलगत, समुद्राकडे जातें.