शाखांची उतरंड

(दहावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पंधरा लाख मुले-मुली दहावीच्या परीक्षेला बसतात. निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न येतो तो ‘किती टक्के?’ हा, आणि त्याच्या उत्तरातच पुढच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. नव्वदच्या वर असतील तर विज्ञान. सत्तर-ऐंशीच्या घरात असतील तर वाणिज्य. आणि त्याहून खाली घसरले, तर आई सुस्कारा सोडून शेजारणीला सांगते, “आता आर्ट्‌सलाच घालावे लागणार.” हे ‘घालावे लागणार’ नीट ऐकण्यासारखे आहे. मुलाने शाखा निवडली असे कुणी म्हणत नाही. धान्य चाळून वेगवेगळ्या डब्यांत भरावे, तशी मुले शाखांत घातली जातात.

ही उतरंड रचली कुणी? शिक्षणतज्ज्ञांनी तर नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण आणि त्यानंतर विशेष विषयांचा अभ्यास, अशी मांडणी सुचविली. त्या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्यात शाखांना पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम कुठेही नव्हता. क्रम लावला तो आपल्या मध्यमवर्गाने, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या काळी त्यात शहाणपणही होते. धरणे बांधली जात होती, पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहत होते. कारकुनी करून चार भावंडांचे शिक्षण सांभाळणाऱ्या बापाला आपला मुलगा इंजिनिअर व्हावा असे वाटले, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पदवी हाती पडली की नोकरी, आणि नोकरी लागली की घर सावरले, हा हिशेब तेव्हा बरोबर येत होता.

पुढे १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर ऐपत असलेली मराठी मुले प्रवेशासाठी कर्नाटकाची वाट धरीत. आता दारे राज्यातच उघडली. नव्वदीनंतर संगणक क्षेत्राने परदेशाचे दालन खुले केले आणि विज्ञान शाखा म्हणजे यश हे समीकरण पक्के झाले. हिशेब मात्र दर पिढीला नव्याने मांडायचा असतो, हे आपण विसरलो. २०१० नंतरच्या दशकात याच राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, काही महाविद्यालयांना टाळे लागले, आणि कर्ज काढून पदवी घेतलेली कितीतरी मुले डिप्लोमाधारकाच्या पगारावर किंवा अगदी वेगळ्याच कामावर रुजू झाली. सध्या सर्वांचा ओढा पुन्हा संगणकाकडे आहे. तोही नेमक्या अशा वेळी, की यंत्र स्वतःच संगणकाच्या आज्ञावली लिहू लागले आहे! उद्या या क्षेत्रात काय उरेल याचे भाकीत करण्याचे धाडस कुणी करू नये. पण केवळ ‘सगळे जातात म्हणून’ तिकडे जाणाऱ्याने आपण कशावर पैज लावीत आहोत, याचा विचार जरूर करावा.

वैद्यकीय प्रवेशाचे गणित तर अधिकच कठोर आहे. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेला सुमारे तेवीस लाख विद्यार्थी बसले. देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्या अधिक, आणि सर्वसाधारण कुटुंबाला परवडेल असे शुल्क असलेल्या सरकारी जागा त्यांतल्या निम्म्याच्या आसपास. ज्याला खरोखर वैद्यच व्हायचे आहे त्याने ही परीक्षा अवश्य द्यावी. लातूरसारख्या गावाने मराठवाड्यातील सामान्य घरांतल्या मुलांना तो मार्ग दाखविला, हे त्या गावाचे मोठे कर्तृत्व आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वर्ष ‘ड्रॉप’ घेणाऱ्या त्या मुलाचा, ज्याला रुग्णालयाचा वासही सहन होत नाही, पण बाबांनी वावर विकून शिकवणीची फी भरली आहे म्हणून जो तोंडातून ब्र काढीत नाही. त्याचे मौन ऐकू यावे इतकी शांतता आपल्या घरांत आहे काय?

आता उतरंडीच्या तळाशी असलेल्या कला शाखेकडे वळू. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या आजीने भाजलेल्या बोटावर लावलेली हळद एका परदेशी विद्यापीठाचा शोध ठरली! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हा विजय सर्वांना ठाऊक आहे. तो कशाच्या बळावर मिळाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. परिषदेने पुरावा म्हणून बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते आणि संस्कृत, उर्दू व हिंदी भाषांतले होते. प्रयोगशाळेचा दावा ग्रंथालयातल्या पोथीने खोडला. ती पोथी वाचणारा, तिचा अर्थ लावणारा, तिचे बिनचूक भाषांतर करणारा कुणीतरी होता म्हणून हे घडले. त्यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या परंपरांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत नोंदविले गेले, आणि परदेशांतील पेटंट कार्यालये दावे तपासताना ते पाहतात. ज्या विद्यार्थ्याला बारावीत संस्कृत घेतले म्हणून नातेवाइकांनी ‘पौरोहित्य करणार का?’ असे हिणवले असेल, त्याच्या विद्येचे हे राष्ट्रीय मोल आहे.

अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर २०२३ चे घ्या. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतील जुनी दप्तरे बाहेर आली. ती निघाली मोडी लिपीत. त्या प्रश्नाच्या राजकारणाविषयी ज्याचे त्याचे मत असेल, तो आजचा विषय नाही. परंतु जिल्ह्या-जिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली, ही वस्तुस्थिती आहे. ज्या लिपीत छत्रपतींच्या काळापासून या राज्याचा कारभार लिहिला गेला, पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्या लिपीचे हजारो रुमाल बांधून ठेवले आहेत, ती वाचणारी माणसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपणच घडविली नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या हुशार मुलाला मराठीत एम.ए. करण्याची मुभा दिली असती?

शाखांमधील भिंत किती कृत्रिम आहे हे पाहायचे असेल तर विष्णु सीताराम सुकथनकरांचे चरित्र पाहावे. हा विद्वान केंब्रिजला गणित शिकला. नंतर तो जर्मनीत भारतविद्येकडे वळला आणि १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रमुख संपादक झाला. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांतील प्रत्येक श्लोकाचे पाठभेद मांडायचे, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली याची वंशावळ लावायची आणि मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ जायचे, असे ते काम. त्याला साहित्याची जाण तर हवीच, पण गणितज्ञाची शिस्तही हवी. सुकथनकर १९४३ साली गेले, काम त्यांच्या शिष्य-सहकाऱ्यांनी चालविले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यांनी गणित ‘वाया घालविले’ असे आज म्हणण्याची कुणाची छाती आहे?

२९ जुलै २०२० रोजी केंद्राने मान्य केलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाखांमधील या ताठर भिंती नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यानुसार आपल्या महाविद्यालयांत मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेण्याची पद्धत आली आहे. भौतिकशास्त्राच्या जोडीला तत्त्वज्ञान घेता येणे ही कागदावर तरी आता अशक्य गोष्ट नाही. २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेल्या अकरावीच्या प्रवेशअर्जात मात्र शाखेचा रकाना जसाच्या तसा आहे. धोरण बदलते त्याहून रकाने उशिरा बदलतात, आणि माणसांची मने त्याहूनही उशिरा.

परंतु कला शाखेची बाजू मांडताना एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ‘सोपी’ म्हणून ही शाखा घेणारा विद्यार्थी तिचा शत्रू आहे. परीक्षेच्या आठवडाभर आधी गाइड आणून इतिहासाची पदवी मिळवता येते, हे दुर्दैवाने खरे आहे. आणि अशा पदवीला बाजारात किंमत नसते, हेही तितकेच खरे. कला शाखेत जायचे तर दोन भाषा लिहिता-बोलता येतील इतक्या पक्क्या कराव्यात, मूळ साधने वाचण्याची सवय लावावी, संख्याशास्त्राची भीती घालवावी. हे कष्ट इंजिनिअरिंगपेक्षा कमी नाहीत.

असाच दुसरा भ्रम स्पर्धा परीक्षांचा. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत रात्री अकराला डोकावावे. इतिहास आणि राज्यघटनेची पुस्तके घेऊन बसलेल्यांत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले कितीतरी जण सापडतील. ज्या विषयांना सोळाव्या वर्षी कमी लेखले, तेच बाविसाव्या वर्षी नव्याने सुरू करावे लागतात! केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला सुमारे दहा लाख अर्ज येतात आणि निवड होते सुमारे एक हजारांची. हे ध्येय उत्तम आहे, पण किती प्रयत्न करायचे आणि नंतर काय करायचे हे आधीच ठरवून, शक्य तर कागदावर लिहून, घरच्यांसमोर ठेवावे. सहा-सात वर्षे गावाकडून पैसे मागवीत राहणाऱ्या तरुणाची घुसमट त्याच्या आई-वडिलांना दिसत असते. बोलत मात्र कुणीच नाही.

तिसरा मार्ग तर आपल्या चर्चेतही येत नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमनचे शिक्षण घेता येते. तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. हाताने काम करणारा तो कमी प्रतीचा, ही समजूत ‘विश्वकर्म्या’ची पूजा करणाऱ्या समाजाला शोभत नाही.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे बोलायला हवे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. स्वागतार्ह निर्णय. तरीही अनेक घरांत मुलीची शाखा ठरते ती ‘घराजवळ कोणते कॉलेज आहे’ यावर, आणि भावाची ठरते ‘पुण्यात कोणते चांगले आहे’ यावर. शासन शुल्क भरील, पण मुलीला वसतिगृहात पाठविण्याचा निर्णय बापालाच घ्यावा लागेल.

मग निवड करायची कशी? कल-चाचणीचा उपयोग मर्यादित आहे. तिच्या आलेखाने फार तर बोलायला विषय मिळतो. खरी ओळख कामाने होते. परीक्षा आणि निकाल यांच्यामध्ये दीड-दोन महिने मिळतात. त्यातले पंधरा दिवस मुलाला एखाद्या ओळखीच्या वकिलाच्या कचेरीत, औषधाच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, मुद्रणालयात किंवा कृषी केंद्रात नेऊन बसवावे. चहा आणण्यापासून नोंदवही भरण्यापर्यंत पडेल ते काम त्याने करावे. रोज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारावे की आज कंटाळा कशाचा आला आणि वेळ कसा गेला हे कळले नाही ते कशात. उत्तर पहिल्या दिवशी येणार नाही. आठव्या-दहाव्या दिवशी मूल आपण होऊन बोलू लागेल. तोवर वडिलांनी टक्क्यांचा विषय काढू नये, आणि काकांना फोन करून ‘तुमच्या ओळखीने कुठे जमते का पाहा’ असेही सांगू नये. प्रवेशअर्जाची मुदत त्यानंतरच सुरू होते. तेव्हा पसंतीक्रम मुलाने स्वतःच्या हाताने भरावा आणि पालकांनी शेजारी बसून फक्त कागदपत्रे तपासावीत.