पाचव्या अंकानंतर

व्यसनमुक्तीच्या कामातले डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका, कार्यकर्ते आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले मित्रहो,

ठाण्याने आपल्या नाट्यगृहाला राम गणेश गडकऱ्यांचे नाव दिले आहे. त्यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले, तेव्हा नाटककार हयात नव्हते. त्यानंतर शंभरावर वर्षे उलटली, तरी मराठी घरात दारुड्या म्हटले की सुधाकर आठवतो, त्याची बायको म्हटले की सिंधू. त्याच नाटकातला तळीराम तर रंगमंचावरून उठून थेट वर्तमानपत्रात जाऊन बसला. 31 डिसेंबरच्या नाकाबंदीची बातमी त्याच्यावाचून छापलीच जात नाही.

पाच अंकांचे हे नाटक विनाशावर संपते. शोकांतिका म्हणून ते चोख आहे. पण आजाराविषयी मराठी समाजाला जे काही कळले ते बरेचसे या शेवटातूनच, आणि तिथे मोठी गफलत झाली. 'याचे आता काही होणार नाही' हे वाक्य कल्याणच्या चाळीत आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. वास्तविक गडकऱ्यांची नजर याहून बारीक होती. सुधाकर मध्येच दारू सोडतो, काम मागायला दारोदार जातो, जुने स्नेही झिडकारतात आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या स्वमदत गटाचा जन्म 1935 चा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हटले 1956 साली. त्याआधीच एका मराठी नाटककाराने घसरण कशी होते हे दाखवून ठेवले होते. प्रेक्षकांनी सिंधूसाठी रुमाल भिजवले. त्या झिडकारणाऱ्या स्नेह्यांत आपण बसतो का, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

आजचे वैद्यक या आजाराकडे बाटल्या मोजून पाहत नाही. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत अकरा लक्षणे आहेत. ठरवले त्यापेक्षा जास्त घेतली जाणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, तलफ, कामात आणि घरात कुचराई, तेवढ्याच नशेसाठी मात्रा वाढत जाणे, न मिळाल्यास अंगावर येणारा त्रास, अशी ती यादी. वर्षभरात यांतली दोन-तीन दिसली तर आजार सौम्य, सहा किंवा त्याहून अधिक तर तीव्र. म्हणजे रस्त्यावर लोळणारा तेवढाच रुग्ण, हा समज खोटा. सकाळी वेळेवर लोकल पकडणारा, हप्ते फेडणारा, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करणाराही या यादीत चपखल बसतो.

डोंबिवली स्टेशनबाहेर रात्री नऊ-साडेनऊला पाहावे. गाडीतून उतरलेल्या गर्दीतला एखादा जण रिक्षाच्या रांगेकडे न जाता परमिट रूमच्या पायऱ्या चढतो. बसतही नाही. काउंटरवर उभ्या-उभ्या क्वार्टर संपवतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि वीस मिनिटांत बाहेर येतो. घरी बायको दार उघडते ती श्वास रोखून. सोमवारी त्याच्या ऑफिसात 'त्यांना ताप आहे' असा फोनही तीच करते. मुलांना आवाजावरून कळते, आज बाबांजवळ जायचे की नाही. या घरात एक रुग्ण आहे असे म्हणणे अपुरे आहे. आजारपण चौघांचे असते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी 'एम्स'ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. दारूमुळे मदतीची गरज असलेल्यांचा अंदाज 5 कोटी 70 लाखांच्या घरात होता. त्याहून बोचरा आकडा पुढचा: दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी कोणतेही उपचार मिळाल्याचे सांगणारा एकच. उरलेले सदतीस कुठे असतात? बरेचसे घरातच. काही बुवा-बाबाच्या अंगाऱ्यावर, काही शपथेवर, आणि काही खोलीत कोंडून.

हे कोंडणे जीवघेणे ठरू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस आपल्याच घरात अनोळखी होतो. घरच्यांना वाटते, नाटक करतोय किंवा बाहेरची बाधा झाली. ही वेळ डॉक्टरांची असते. नेमकी औषधे आणि थायमिन यांनी तो काळ बहुतेक वेळा सुखरूप पार पडतो.

दारूखेरीज आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात दुसरे बाजारही आहेत. कल्याण स्थानकाच्या आसपास व्हाइटनर हुंगणारी पोरे आहेत, खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या बाटल्या आहेत, 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या आहेत, कॉलेजच्या वयातल्यांना गाठणारी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आहे. हे मेफेड्रोन कायद्याच्या कक्षेत आले 2015 मध्ये. पुढच्याच वर्षी ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून टनावारी इफेड्रिन पकडले. धाडीच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. अमली पदार्थविरोधी कायद्यातले 64-अ हे कलम मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारी ही तरतूद आहे. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवणाऱ्या आईबापांना ती सांगितली पाहिजे.

मार्ग नाही असे नाही. अनिल अवचटांचे गर्दच्या नशेवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि 1986 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. तिथे उपचार घेणाऱ्याला 'मित्र' म्हणतात, बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते होतात, आणि त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. या कामाशी सुरुवातीच्या काळापासून जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली. ठाण्याचे मनोरुग्णालय तर 1901 पासूनचे. व्यसनाबाबत 14446 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

तरीही पस्तीस दिवस दाखल होऊन आलेला माणूस 'दुरुस्त' झाला असे मानणे हा पुन्हा जुनाच भाबडेपणा. रक्तदाबाच्या रुग्णाने गोळी सोडली आणि दाब वाढला, तर कुणी त्याचे चारित्र्य काढत नाही. व्यसनातली घसरण तितकीच सर्रास होते आणि तितकीच आवाक्यातली असते, पण तिच्यावर घरात न्यायालय भरते. सावरलेल्या माणसाला पहिली दोन वर्षे हवा असतो एक गट, एक ऐकणारा माणूस, पगाराचे काम आणि हळदीला न जाण्याची मुभा. शेवटची मागणी आपल्या भागात सर्वांत अवघड. डीजे आणि दारूच्या पेट्यांची हळद बंद व्हावी असे आगरी-कोळी समाजातूनच सांगितले जाते. अशा सांगणाऱ्यांना या व्यासपीठाने बळ द्यायला हवे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतात. त्या वेळी डोंबिवलीचा माणूस दादरच्या अलीकडे लटकलेला असतो. सुट्टी मागायची तर कारण सांगावे लागते, आणि खरे कारण सांगितले की नोकरी डळमळते. ए.ए.च्या मीटिंगा संध्याकाळी भरतात त्या याच हिशेबाने. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे पालिका रुग्णालय इथे आठवड्यातून दोन संध्याकाळी, आठ ते दहा, व्यसनमुक्तीची ओपीडी सुरू व्हावी. तिथे एक डॉक्टर, एक समुपदेशक आणि स्वतः सावरलेला एक कार्यकर्ता बसावा. केसपेपरवर फक्त 'सल्ला' एवढेच लिहावे. या अधिवेशनाने कल्याण-डोंबिवली आणि ठाणे या दोन्ही महापालिकांकडे पाठवायच्या ठरावांत हा पहिला ठेवावा, अशी सूचना आहे.